फितरत आणि हजेरी

आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीपासून सुरुवात करतो.

आम्ही सोलापुरात एका उर्दू शाळेत शिकवतो. रोज पहिल्या तासाला हजेरी घेतो. मुले ‘हाजिर जनाब’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात सहलीसाठी जमा केलेले ३४० रुपये टेबलाच्या खणातून नाहीसे झाले. वर्गात ५४ मुले होती. सगळ्यांची दप्तरे पाहायची असे आम्ही ठरवले. पण सुरुवात एका ठरावीक मुलापासून केली. त्याने काही केले होते म्हणून नव्हे. तो छप्परबंद घरातला होता, आणि ‘त्या लोकांची फितरतच तशी’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून मोहल्ल्यात, पुढे शिक्षकांच्या खोलीतही इतक्यांदा ऐकले होते की हात आपोआप त्याच्या दप्तराकडे गेला. दप्तरात भाकरीचा डबा, दोन वह्या आणि एक तुटकी पट्टी निघाली. पैसे दुसऱ्या दिवशी हजेरीपत्रकाच्या कव्हरात सापडले. घाईत आम्हीच ते तिथे ठेवले होते.

आम्ही त्या मुलाची माफी मागितली, पण व्हरांड्यात, त्याला एकट्याला बाजूला घेऊन. दप्तर मात्र वर्गासमोर उघडले होते. हा फरक आमच्या उशिरा ध्यानात आला, आणि ध्यानात आणून दिला तो एका पुस्तकाने. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आम्ही त्यानंतरच्या मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा वाचले. पहिल्या वाचनात ते आम्हांला दुसऱ्या कुणाच्या तरी दुःखाचे पुस्तक वाटले होते. या खेपेस पोलीस ज्या बाजूला उभे असतात त्या बाजूला आम्ही स्वतःला उभे पाहिले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून निघाला आहे.

माणूस मुळात चांगला, मुळात वाईट, की केवळ आपमतलबी? प्रश्न फार जुना आहे. बी.एड.च्या अभ्यासक्रमात तो ‘अनुवंश आणि परिस्थिती’ या शीर्षकाखाली येतो, दहा गुणांचे उत्तर लिहिले की संपतो. हॉब्ज नावाच्या इंग्रज विचारवंताला वाटे की धाक नसेल तर माणसे एकमेकांना जगू देणार नाहीत. रूसोला वाटे की मूल चांगलेच जन्मते, समाज त्याला बिघडवतो. आम्हीही परीक्षेत दोघांची मते लिहून, शेवटी ‘दोन्ही घटक महत्त्वाचे आहेत’ असे सुरक्षित वाक्य टाकले आणि उत्तीर्ण झालो. पण ज्या शहरात आम्ही राहतो त्या शहरात हा प्रश्न कधीकाळी सरकारने कायद्याने सोडवला होता, आणि उत्तराभोवती तारेचे कुंपण घातले होते, हे आम्हांला त्या वर्गात कुणी सांगितले नाही.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: या देशात धंदे जातीने चालतात, विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तर मग चोरी करणाऱ्या जातीचा मुलगा चोरच होणार. प्रारंभी हा कायदा उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू करता येऊ लागला, आणि १९२४ साली त्याची पुन्हा मांडणी झाली. एखादी जमात यादीत आली की तिच्यात जन्मणारे मूल पाळण्यातच संशयित ठरे. मोठ्या माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. परवान्याशिवाय बाहेरगावी जाता येत नसे. काही ठिकाणी या लोकांना कुंपणाच्या आत वसवण्यात आले. त्या वसाहतींना सेटलमेंट म्हणत. मुंबई इलाख्यात अशा ज्या वसाहती झाल्या, त्यांत सोलापूरची सेटलमेंट ठळक होती. सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ हा शब्द अजूनही एका वस्तीचे नाव म्हणून ठाऊक आहे. रिक्षावाल्याला एवढे सांगितले तरी पुरते. त्या शब्दाचा अर्थ मात्र रिक्षात बसणाऱ्याला ठाऊक असतोच असे नाही.

विणकराचा दाखला वाचताना आम्हांला हसू आले. आमचे आजोबा मागावर बसत, वडिलांनी यंत्रमागावर टॉवेल काढले, आणि आम्ही खडू हातात घेतला. सोलापुरात अशी घरे गल्लोगल्ली सापडतील. पद्मशाली असोत वा मोमीन. विणकराचा मुलगा मास्तर होऊ शकतो हे ज्या सरकारच्या शाळांनीच सिद्ध केले, त्याच सरकारचा कायदा दुसऱ्या माणसाच्या मुलाविषयी उलट बोलत होता. याहून मोठी विसंगती सेटलमेंटच्या आतच होती. तिथे मुलांसाठी शाळा चालवल्या जात, हातकाम शिकवले जाई. जन्मानेच जो चोर आहे त्याला शाळेत घालून काय साधणार? आणि शाळेने तो सुधारणार असेल तर तो जन्माने चोर कसा? कायदा करणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला नाही, कारण उत्तर त्यांना परवडणारे नव्हते.

या जमातींवर मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातले अधिकारी एम. केनेडी यांनी १९०८ साली एक जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिले. एकेका जमातीवर एकेक प्रकरण आहे: वस्ती कुठे, पेहराव कसा, बोली कोणती, वेषांतर कोणते, गुन्हा कसा करतात. आपल्या वाचकांनी हे लक्षात घ्यावे की त्या यादीत छप्परबंदही आहेत, खोटी नाणी पाडणारे म्हणून. छप्परबंद हा मुसलमान समाज आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही त्याची नोंद आहे. वाङ्मय म्हणून पाहिले तर केनेडींचे पुस्तक निरीक्षणात कमी नाही. तपशील भरपूर आहेत. पण ते सारे तपशील एकाच प्रश्नाला उत्तर देतात: यांना ओळखायचे कसे? ज्याच्या घरी मूल तापाने फणफणले आहे असा बाप त्या पानांत भेटत नाही. ज्या रात्री गुन्हा घडला नाही त्या रात्री ही माणसे काय करत होती, हे ते पुस्तक सांगत नाही, कारण त्या रात्रीत लेखकाला काही काम नव्हते.

‘उचल्या’ नेमका त्या राहून गेलेल्या रात्रींपासून सुरू होतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचा हा मुलगा. घरात आजोबांपासून पोलिसांची हजेरी. घरातली माणसे बाजारात, यात्रेत खिसे कापतात, गाठोडी उचलतात. आणि उपासमार तर पानोपानी आहे. गायकवाड यांनी आपल्या माणसांना निर्दोष ठरवण्याचा खटाटोप केलेला नाही, हे आम्हांला या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ वाटते. होय, आमची माणसे चोरी करत, असे ते सांगतात. लहान मुलांना हातचलाखी कशी शिकवली जाई तेही सांगतात. त्या शिक्षणाचा एक भाग म्हणजे मार खाणे. उद्या पोलिसांनी बडवले तरी तोंडातून नाव निघू नये, म्हणून मुलांना घरचीच माणसे मारत.

शिक्षक म्हणून आम्ही या भागापाशी बराच वेळ थांबलो. चोरी रक्तात असेल तर ती शिकवावी का लागते? पोहणे माशाला कुणी शिकवत नाही. ज्या गोष्टीसाठी गुरू लागतो, सराव लागतो, मार लागतो, ती गोष्ट उपजत नव्हे. १८७१ च्या कायद्याला याहून सडेतोड उत्तर कुठल्या वकिलाला देता आले असते असे आम्हांला वाटत नाही, आणि गायकवाड यांनी ते उत्तर म्हणून लिहिलेलेही नाही. ते फक्त घरात काय घडे ते सांगतात.

पुस्तकातला दुसरा महत्त्वाचा प्रसंग शाळेचा आहे. घराण्यात पहिल्यांदाच एक मुलगा शाळेत जाऊ लागतो. तेवढ्यात वस्तीतल्या मुलांना उलट्या-जुलाब होतात, आणि जमातीची माणसे म्हणतात की हा शाळेत गेला म्हणून हे संकट आले. इथे लेखकाने फार मोठी संधी जाऊ दिली नाही. पोलीस वाईट आणि आपली माणसे चांगली, अशी सोपी वाटणी तो करू शकला असता. त्याऐवजी तो दाखवतो की ज्यांच्यावर जन्मापासून शिक्का बसला तीच माणसे एका मुलावर शिक्का मारायला तयार आहेत. बाहेरचे म्हणतात, हा चोराच्या कुळातला, शिकून काय करणार? आतले म्हणतात, आपल्या कुळात शिकत नसतात. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच निघतो.

‘उचल्या’त उणिवा नाहीत असे नाही. लेखक सूतगिरणीत आणि पुढे चळवळीत शिरतो त्या उत्तरार्धात माणसांची जागा घटना घेतात, आणि कथन अहवालाकडे झुकते. घरातल्या बायका सोसताना दिसतात. त्या विचार काय करत, हे मात्र क्वचित कळते. तरीही पूर्वार्धातली शंभर पाने मराठी गद्यात टिकतील असे आम्हांला वाटते. माणसाच्या स्वभावाविषयी निकाल न देता त्यांनी माणसाविषयी साक्ष दिली आहे.

याच्या आधी आलेले लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०, साहित्य अकादमी पुरस्कार १९८१) सोबत ठेवून पाहावे. कैकाडी समाज, गाढवांच्या पाठीवरचे बिऱ्हाड, टोपल्या विणण्याचे काम, आणि मुलगा शिकलाच पाहिजे म्हणून हट्टाला पेटलेला बाप. तिथेही जातपंचायतीचा जाच आहे. लेखकाने जातीबाहेर लग्न केले तेव्हा तो जाच कुठल्या थराला जातो हे पुस्तकात आले आहे. दोन्ही लक्ष्मणांनी एक गोष्ट सारखी केली. सोसलेल्या माणसाला त्यांनी संत बनवले नाही.

अण्णा भाऊ साठे यांची वाट वेगळी. १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीत मांग समाजावर लादलेली हजेरी आहे, दुष्काळ आहे, आणि उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा नायक आहे. शेवटी सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते आणि तो स्वतःहून हजर होतो. फकिरा चोर आहे काय? कायद्याच्या दृष्टीने आहे. आपमतलबी आहे काय? मुळीच नाही. अण्णा भाऊंनी वाईट ठरवलेल्या माणसातला मोठेपणा उभा केला, आणि त्या काळी ते करणे आवश्यकच होते. मात्र फकिरा इतका थोर आहे की वाचकाला त्याच्यासारखे व्हावेसे वाटते, पण त्याच्यात आपण सापडत नाही. ‘उचल्या’तल्या माणसांत आपण सापडतो. म्हणून ‘फकिरा’ने छाती भरून येते आणि ‘उचल्या’ने मान खाली जाते. साहित्याला दोन्ही हवे आहे.

आम्ही वर्गात उर्दू शिकवतो, तेव्हा प्रेमचंदांना वगळून पुढे जाता येत नाही. या प्रश्नाची दोन टोके त्यांच्या दोन कथांत आहेत. १९१६ ची ‘पंचायत’, जी हिंदीत ‘पंच परमेश्वर’ म्हणून गाजली, त्यात जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे जिवलग दोस्त. जुम्मनने म्हाताऱ्या खालाची मिळकत लिहून घेतली आणि मग तिला भाकरीलाही मोताद केले. खाला पंचायत बोलावते आणि पंच म्हणून जुम्मनच्याच दोस्ताला नेमते. अलगू खालाच्या बाजूने निवाडा देतो. पुढे अलगूचा बैलाच्या पैशांवरून एका व्यापाऱ्याशी तंटा होतो, आणि आता पंच होतो जुम्मन. मनात सूड असलेला तोच जुम्मन पंचाच्या जागी बसताच इन्साफ करतो. १९३५ च्या ‘कफन’मध्ये मात्र घीसू आणि माधव हे बापलेक झोपडीबाहेर भाजलेले बटाटे खात बसतात, आत सून बाळंतवेणांनी तडफडते आहे, आणि आपण आत गेलो तर दुसरा जास्त बटाटे खाईल, म्हणून कुणीच उठत नाही. ती मरते. कफनासाठी गोळा केलेल्या पैशांची दोघे दारू पितात.

एकाच लेखकाने ही दोन्ही माणसे लिहिली. तरुणपणी माणूस चांगला वाटला आणि उतारवयात वाईट, असा सोपा अर्थ काहीजण काढतात. आम्हांला तसे वाटत नाही. दोन्ही कथांत प्रेमचंद एकच गोष्ट पाहत आहेत: माणसाला कोणती जागा दिली आहे? जुम्मनला गावाने विश्वासाची जागा दिली आणि तो त्या जागेला शोभेल असा वागला. घीसू-माधवला गावाने आयुष्यभर कसलीच जागा दिली नाही. कितीही राबले तरी हाती काही लागत नाही हे ज्याला पक्के ठाऊक झाले, त्याच्याकडून कष्टाळूपणाची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? येथवर प्रेमचंद आम्हांला पटतात. परंतु ‘कफन’वर दलित समीक्षकांनी घेतलेला आक्षेपही डावलता येत नाही. लेखक त्या दोघांची जात नाव घेऊन सांगतो, त्यामुळे वाचकाच्या मनात आळस आणि निर्दयता त्या जातीला चिकटण्याचा धोका आहे. आमच्या वर्गात एकदा हाच धोका खरा ठरताना आम्ही पाहिला. कथा संपल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘सर, ये लोग ऐसेच रहते.’ तो त्या गावाबद्दल बोलत होता की आपल्या गल्लीशेजारच्या वस्तीबद्दल, हे विचारायचे धाडस आम्हांला झाले नाही.

आता तिसरे उत्तर राहिले: माणूस ना चांगला ना वाईट, फक्त आपला मतलब पाहणारा. हे उत्तर शहाणपणाचे वाटते आणि पुष्कळदा खरेही असते. सेटलमेंटचेच पाहा. सोलापूर गिरण्यांचे शहर होते, गिरण्यांना हात हवे होते, आणि कुंपणाआडची माणसे गिरण्यांत मजुरीला जात. ज्याला परवान्याशिवाय गाव सोडता येत नाही तो मजुरीसाठी घासाघीस कशी करणार? ‘उचल्या’तले पोलीस चोरीचा माल पकडतात आणि त्यातला वाटाही खातात. चोर संपला तर वाटाही संपेल. तेव्हा ‘ही जमात जन्मजात गुन्हेगार’ या वाक्यामागे ज्ञान थोडे आणि सोय जास्त होती. मतलबाचे उत्तर हे असे दुसऱ्याचा बुरखा फाडायला कामी येते. गंमत अशी की ते सहसा गरिबालाच लावले जाते. गरिबाने भाकरी उचलली तर तो त्याचा स्वभाव. मोठ्यांनी माणसे अडकवून ठेवली तर ती व्यवस्था.

पण सगळेच मतलबी म्हणावे तर याच सोलापूरचा हिशेब जुळत नाही. १९३० च्या मे महिन्यात इथे लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, युद्धातल्या जखमींची सेवा करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच, बत्तिसाव्या वर्षी वारले. यांच्यात मतलब कुठे शोधायचा? कुणी म्हणेल, त्यांना त्यातच समाधान मिळत होते, म्हणजे तोही एक मतलबच. असा शब्द ताणला तर त्याला काही अर्थच उरत नाही. त्याच वेळी हेही कबूल केले पाहिजे की या पाच नावांवरून माणूस जन्मतः चांगला असतो असे सिद्ध होत नाही. ती माणसे एका घडीला काही तरी ठरवून वागली, एवढेच सिद्ध होते. आणि तेवढे पुरे आहे.

इथे आम्हांला आपल्याच लेखनाकडे वळायचे आहे. १९९० साली याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण मराठीत आपले जगणे लिहीत आलो. आपल्यावरही शिक्के आहेत, ते कोणते हे वाचकांना सांगायला नको. या शिक्क्यांना उत्तर म्हणून आपल्या कथांत एक माणूस वारंवार येतो. तो दंगलीत शेजाऱ्याला वाचवतो, सापडलेले पाकीट परत करतो, उपाशी राहून दुसऱ्याला खाऊ घालतो. अशी माणसे आहेत, आम्ही पाहिली आहेत. पण दर कथेत तोच भेटू लागला की तो माणूस राहत नाही, चारित्र्याचा दाखला होतो. ‘आम्ही जन्मतः वाईट नाही हो’ असे सांगण्यासाठी ‘आम्ही जन्मतः चांगले आहोत’ असे म्हणणे म्हणजे जन्मावरून माणूस ठरतो ही समोरच्याची गोष्ट मान्य करणेच झाले. फक्त निकाल आपल्या बाजूने मागितला. साहित्यातली हीही एक प्रकारची हजेरीच आहे. कुणी तरी नाव पुकारतो आणि आपण ‘हाजिर’ म्हणून आपला नेकपणा दाखवतो.

गायकवाड आणि माने यांनी ही हजेरी दिली नाही. त्यांनी घरातली चोरी लिहिली, पंचायतीचा जुलूम लिहिला. त्यामुळे त्यांच्या समाजाची बदनामी झाली काय? काहींनी तसा राग धरलाही असेल. पण वाचकाने जेव्हा त्या माणसाला चुकताना, लाजताना, पुन्हा उठताना पाहिले, तेव्हाच त्याला तो आपल्यासारखा वाटला. आपल्याकडे छप्परबंदांचे ‘उचल्या’ आमच्या वाचनात अजून आलेले नाही. तसे पुस्तक कुणी लिहिले तर त्यात पोलिसांइतकेच आपणही असू, हे आपण सहन करायला हवे. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी आपल्यातली सभ्य घरे त्या वस्तीचे नाव ऐकून कशी गप्प होतात, मशिदीत एका सफेत उभे राहिल्यावर दारात मात्र चपला जपणारी नजर कुणाकडे वळते, हे त्यात असेल. आणि कदाचित ५४ मुलांसमोर उघडलेले एक दप्तरही असेल.

‘फितरत’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो! आपल्या श्रद्धेप्रमाणे प्रत्येक मूल फितरतवर जन्मते, म्हणजे निर्मळ जन्मते. बाकीचे रंग आईबाप आणि भोवताल चढवतात. आणि तोच शब्द आपण ‘त्यांची फितरतच चोराची’ अशा वाक्यात बेधडक घालतो. इंग्रजांच्या कायद्याचा अर्थ आपण आपल्या दिनी शब्दात भरला आणि आपल्याला ते कळलेही नाही. नफ्सविषयीही तसेच. कुराणात नफ्सच्या तीन अवस्थांची नावे येतात: वाईटाकडे ओढणारा अम्मारा, स्वतःची निर्भर्त्सना करणारा लव्वामा आणि शांत झालेला मुत्मइन्ना. आमच्या समजुतीप्रमाणे ही तीन प्रकारची माणसे नव्हेत. एकाच माणसाच्या या तीन अवस्था आहेत, आणि त्यांत ये-जा चालू असते. आलिम मंडळी याचा अर्थ अधिक नेमका सांगतील. आम्ही समीक्षेपुरते एवढेच म्हणतो की ज्या लेखनात मधली अवस्था, म्हणजे स्वतःला जाब विचारणारा माणूस येत नाही, त्यात उरलेल्या दोन्ही अवस्था खोट्या वाटतात.

सूरह यूसुफ आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. त्यातही एक झडती आहे. धाकट्या भावाच्या सामानातून प्याला निघतो, तेव्हा थोरले भाऊ लगेच बोलून जातात की याच्या भावानेही पूर्वी चोरी केली होती. म्हणजे एकाच्या सामानात वस्तू सापडली आणि दुसऱ्या, गैरहजर भावाचीही जात काढली गेली. ज्याच्याविषयी ते बोलले तो यूसुफ समोरच बसला होता, आणि त्याने ते मनात ठेवले. आम्ही हा किस्सा वर्गात कितीतरी वेळा सांगितला असेल. सांगताना आम्ही नेहमी यूसुफच्या बाजूला असायचो. त्या प्रसंगात आपली जागा भावांच्या रांगेतही असू शकते, हे ध्यानात यायला आम्हांला आठवीतल्या एका मुलाचे दप्तर उघडावे लागले.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला आणि संशयाची जुनी सवय नव्या कागदावर चालू राहिली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली भटक्या-विमुक्तांविषयी आपला अहवाल सरकारला सादर केला. अहवाल, आयोग, यादी हे सारे आवश्यकच आहे. मात्र ज्या क्षणी शिक्षकाचा हात पहिल्या दप्तराकडे जातो त्या क्षणी तिथे कुठला आयोग हजर नसतो. तिथे त्याने काय वाचले आहे तेवढेच हजर असते. म्हणून आमचे सुचवणे आहे की उर्दू माध्यमाच्या शाळांत मराठी शिकवणाऱ्यांनी ‘उचल्या’तले शाळेचे प्रकरण मुलांना वाचून दाखवावे, आणि ‘कफन’ शिकवणाऱ्यांनी त्याच आठवड्यात ‘पंचायत’ही शिकवावी. एक कथा एकटी शिकवली की मुले निकाल घेऊन घरी जातात. दोन्ही शिकवल्या की प्रश्न घेऊन जातात.

तो मुलगा नववीनंतर शाळेत आला नाही. कारण आम्हांला ठाऊक नाही, आणि आमच्या त्या झडतीशी त्याचा संबंध होता की नव्हता हे आम्ही सांगू शकत नाही. परवा विजापूर रस्त्यावर एका गॅरेजमध्ये तो भेटला. आमच्या गाडीचा क्लच त्याने नीट करून दिला, पैसे मोजून घेतले आणि उरलेली मोड परत दिली. आम्ही त्या दिवसाचा विषय काढला. या वेळी गॅरेजातली दोन-चार पोरे ऐकत होती, तरी काढला. तो म्हणाला, ‘याद है सर.’ एवढे म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे वळला.